स्पॅनिश भाषेंतील अपूर्ण भूतकाळ
(नभोवाणीवरील भाषण)



स्पॅनिश भाषेंतील दोन लहानशीं वाक्यें आपणांस प्रथम ऐकवितों. पहिलें वाक्य असें : ‘एल् निन्यो से आओगो’. दुसरें असें : ‘एल् निन्यो से आओगाबा’. ‘निन्यो’ म्हणजे मूल. दोन्ही वाक्यांत पाण्यांत बुडण्याची क्रिया आहे आणि दोन्ही वाक्यें भूतकाळाचींच आहेत. फरक काय तो क्रियापदाच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांचा. परंतु पहिल्याचा अर्थ ‘मूल बुडालें’ असा आहे आणि दुसऱ्याचा ‘मूल बुडत होतें’ असा आहे. पहिलें वाक्य ऐकणाराच्या हातीं शोकावांचून कांहीं उरत नाहीं. दुसरें वाक्य ऐकणारा मात्र लगेच विचारतो, ‘मग पुढें काय झालें? कोणी उडी टाकली कीं नाहीं?’ क्रिया घडून संपली किंवा ती चालू होती, एवढ्या एका गोष्टीवर मुलाचा प्राण अवलंबून आहे, आणि ही गोष्ट स्पॅनिश मनुष्य केवळ क्रियापदाच्या प्रत्ययानें सांगतो.

या दोहोंपैकीं दुसऱ्या रूपास अपूर्ण भूतकाळ म्हणतात. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. स्पॅनिश ही वीस देशांच्या राज्यकारभाराची भाषा असून, ती मातृभाषा म्हणून बोलणारांची संख्या पन्नास कोटींच्या आसपास आहे. आपल्याकडेही ती शिकणारे विद्यार्थी आज आढळतात. त्यांतील बहुतेक जण इंग्रजीच्या वाटेनें स्पॅनिशकडे जातात आणि नेमके या काळापाशीं अडखळतात. त्याचें कारण उघड आहे. ‘तो गेला’ आणि ‘तो रोज जात असे’ या दोन्ही अर्थांस इंग्रजींत पुष्कळदां एकच साधें रूप चालतें. मग हा भेद नव्यानें शिकावा लागतो आणि नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागते. मराठीच्या वाटेनें जाणारास एवढा खटाटोप करण्याचें कारण नाहीं. हा भेद तो लहानपणापासून आपल्या घरीं करीतच आलेला असतो. तो कसा, व कोठें कोठें मराठी आपणांस फसवूं शकते, हें सांगण्याचा आज विचार आहे.

प्रथम रूपें पाहूं. नभोवाणीवर फळा नसतो, म्हणून तीं कानांनींच ऐकावयाचीं आहेत. आणि या काळाचीं रूपें कानांस सोपीं आहेत, ही त्यांतल्या त्यांत सोय आहे.

स्पॅनिश क्रियापदांचे तीन वर्ग आहेत. मूळ रूपाच्या शेवटीं ‘आर’ असलेल्यांचा पहिला, ‘एर’ असलेल्यांचा दुसरा व ‘इर’ असलेल्यांचा तिसरा. ‘आब्लार’ म्हणजे बोलणें, ‘कोमेर’ म्हणजे खाणें आणि ‘बिबिर’ म्हणजे राहणें किंवा जगणें. ‘आब्लार’च्या लेखनांत आरंभीं हकाराचें अक्षर असतें, पण त्याचा उच्चार होत नाहीं. अपूर्ण भूतकाळांत या तीन वर्गांचे दोनच होतात. पहिल्या वर्गास ‘आबा’ हा प्रत्यय लागतो. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांस ‘ईआ’ हा एकच प्रत्यय लागतो.

‘आब्लार’चीं सहा रूपें अशीं : मी बोलत असें, आब्लाबा, तूं बोलत असस, आब्लाबास, तो किंवा ती बोलत असे, पुन्हा आब्लाबा, आम्ही बोलत असूं, आब्लाबामोस, तुम्ही बोलत असां, आब्लाबाइस, ते बोलत असत, आब्लाबान. आतां ‘कोमेर’चीं ऐका : कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. ‘बिबिर’चीं हुबेहूब तशींच : बिबीआ, बिबीआस, बिबीआ, बिबीआमोस, बिबीआइस, बिबीआन.

यांत चार गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, आघात सहाही रूपांत एकाच जागीं राहतो. ‘आब्लाबा’ मध्यें तो ‘ब्ला’वर आहे आणि ‘आब्लाबामोस’ मध्येंही तो ‘ब्ला’वरच आहे. नवशिका पुढें सरकून ‘बा’वर जोर देतो, तें चूक. याच एका रूपावर लिहितांना आघाताचें चिन्ह द्यावें लागतें. ‘ईआ’च्या रूपांत मात्र सहाही ठिकाणीं ‘ई’वर चिन्ह असतें, कारण तेथें ‘ई’ आणि ‘आ’ हे दोन स्वर एकमेकांत न मिसळतां वेगळे उच्चारावयाचे असतात.

दुसरी गोष्ट, ‘मी’चें रूप व ‘तो’चें रूप एकच आहे. ‘आपण’ या आदरार्थी अर्थाचा ‘उस्तेद’ हा शब्दही हेंच रूप घेतो. म्हणून जेथें घोटाळा होण्याचा संभव असेल, तेथें कर्ता स्पष्ट बोलतात : ‘यो आब्लाबा’ म्हणजे मी, ‘एल् आब्लाबा’ म्हणजे तो. याचें आपणांस नवल वाटूं नये. ‘मी जात असें’ आणि ‘तो जात असे’ यांत जुन्या लेखनांत एका अनुस्वाराचा भेद दिसतो खरा. पण बोलण्यांत तो कोणास ऐकूं येतो?

तिसरी गोष्ट, या रूपांस लिंग नाहीं. आपल्याकडे ‘बोलत होता’, ‘बोलत होती’, ‘बोलत होतें’ अशीं तीन रूपें करावीं लागतात. स्पॅनिशमध्यें पुरुष असो, स्त्री असो, ‘आब्लाबा’च.

चौथी गोष्ट प्रदेशासंबंधीं आहे. ‘तुम्ही’ या अर्थाचें ‘आब्लाबाइस’ हें रूप स्पेन देशांत वापरतात. अमेरिकेतील स्पॅनिश देशांत तें रोजच्या बोलण्यांत नाहीं. तेथें तुम्ही आणि ते या दोहोंसही ‘आब्लाबान’ हेंच चालतें. अर्जेंटिनामध्यें ‘तूं’ या अर्थीं ‘बोस’ असा निराळा शब्द आहे व वर्तमानकाळांत त्याचीं रूपेंही निराळीं आहेत. परंतु अपूर्ण भूतकाळांत तेथेंही ‘आब्लाबास’ हेंच रूप येतें.

आतां अपवाद. स्पॅनिश क्रियापदें वर्तमानकाळांत फार चंचल आहेत. ‘दोर्मिर’ म्हणजे झोंपणें. त्याचें ‘मी झोंपतों’ या अर्थीं ‘दुएर्मो’ होतें. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणें; त्याचें ‘तेंगो’ होतें. अपूर्ण भूतकाळांत हीं सर्व शहाण्यासारखीं वागतात : ‘दोर्मीआ’, ‘तेनीआ’. साऱ्या भाषेंत या काळांत अनियमित अशीं क्रियापदें तीनच आहेत. ‘सेर’ म्हणजे असणें, त्याचें ‘एरा’. ‘इर’ म्हणजे जाणें, त्याचें ‘इबा’. आणि ‘बेर’ म्हणजे पाहणें, त्याचें ‘बेईआ’. तीन अपवाद पाठ केले कीं बाकीचा सर्व कारभार नियमांचा.

हे तीन अपवादही उगाच झालेले नाहींत. ‘एरा’ व ‘इबा’ हीं लॅटिनमधील ‘एरात’ व ‘ईबात’ या रूपांचे थेट वारस आहेत. ‘बेर’चें जुनें रूप ‘बेएर’ होतें. त्यांतला एकार मूळ रूपांतून गळाला, पण ‘बेईआ’मध्यें टिकून राहिला. ‘आबा’ हा प्रत्ययही लॅटिनच्या ‘आबाम्’ पासून आला आहे. हा ‘बाम्’ मुळांत ‘होणें’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूचा अवशेष असून, तो धातु म्हणजे आपल्या संस्कृतांतील ‘भू’ धातूचा सहोदर होय, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘ईआ’ हा प्रत्यय लॅटिनच्या ‘एबाम्’ मधील बकार नाहींसा होऊन झाला.

गोमंतकांत १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें. तेथील ज्या वडीलधाऱ्यांनीं शाळेंत पोर्तुगीज शिकून घेतली, त्यांस हीं रूपें ऐकतांच ओळख पटली असेल. स्पॅनिश ‘आब्लाबा’ तें पोर्तुगीजांत ‘फालावा’. ‘कोमीआ’ तेथेंही जवळजवळ तसेंच. मात्र पोर्तुगीज भाषा या प्रत्ययांत वकार लिहिते आणि स्पॅनिश बकार. स्पॅनिश उच्चारांत ‘ब’ आणि ‘व’ या अक्षरांचा भेद नाहीं व दोन स्वरांमध्यें येणारा हा ‘ब’ ओंठ पुरते न मिटतां उच्चारला जातो, म्हणून स्पेनमधील मुलेंसुद्धां लिहितांना चुकतात. गोमंतकाचा उल्लेख आला, म्हणून आणखी एक सांगतों. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स यांनीं पोर्तुगीज भाषेंत लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्यें राशोल येथें छापलें गेलें. लॅटिनच्या कुळांतील भाषा आणि आपल्या भाषा शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचें काम आपल्या किनाऱ्यावर इतकें जुनें आहे.

रूपें झालीं, आतां अर्थाकडे वळूं. आंतोनिओ दे नेब्रिखा या पंडितानें १४९२ मध्यें स्पॅनिशचें पहिलें व्याकरण छापलें. या काळास त्यानें दिलेल्या नांवाचा अर्थ ‘न संपलेला भूतकाळ’ असा होतो. पुढें १८४७ मध्यें आंद्रेस बेयो यानें अमेरिकेंतील लोकांसाठीं म्हणून एक व्याकरण लिहिलें. बेयो जन्मानें काराकासचा, पण त्याचें उत्तरायुष्य चिली देशांत गेलें. त्यानें या काळास ‘सहभूत’ अशा अर्थाचें नांव दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, ही क्रिया भूतकाळांतील दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या बरोबरीनें चालू असते. दोन्ही नांवें मार्मिक आहेत. पहिलें नांव आपणांस सांगतें कीं, बोलणारा येथें क्रियेच्या शेवटाकडे पाहत नाहीं. दुसरें सांगतें कीं, ही क्रिया बहुधा सोबतीस दुसरें कांहीं घेऊन येते.

या काळाचे मुख्य उपयोग तीन. पहिला संवयीचा : ‘कुआन्दो एरा निन्यो, बिबीआ एन् तोलेदो’, म्हणजे मी लहान होतों तेव्हां तोलेदो येथें राहत असें. दुसरा, चालू असलेल्या क्रियेचा : ‘कोमीआ कुआन्दो येगो मि पाद्रे’, म्हणजे मी जेवीत होतों, तोंच वडील आले. येथें जेवण चालू होतें, म्हणून तें अपूर्ण भूतकाळीं. वडिलांचें येणें एका क्षणांत घडलें, म्हणून तें साध्या भूतकाळीं. तिसरा वर्णनाचा : ‘एरान् लास् त्रेस, योबीआ’, म्हणजे तीन वाजले होते, पाऊस पडत होता. घड्याळांतली वेळ, मनुष्याचें वय, हवापाणी, रंगरूप हीं गतकाळांतलीं सांगावयाचीं झाल्यास बहुतेक सर्वत्र हाच काळ येतो.

आपल्या कहाण्या आठवा. ‘आटपाट नगर होतें. तेथें एक राजा राज्य करीत असे. तो रोज शिकारीस जाई.’ येथवर वर्णन आणि संवय. मग येतें : ‘एके दिवशीं काय झालें?’ आणि तेथून पुढें सर्व क्रियापदें बदलतात : राजा गेला, त्यानें हरिण पाहिलें, बाण सोडला. स्पॅनिश आजीही अगदीं असेंच सांगते. तिची कहाणी ‘एरासे उना बेस’ या शब्दांनीं सुरू होते, आणि ‘एरासे’ हें त्या ‘एरा’चेंच रूप आहे. ‘उन् दीआ’, म्हणजे एके दिवशीं, हे शब्द आले कीं तीही साध्या भूतकाळावर येते. सेर्वांतेसच्या डॉन किहोते या १६०५ मध्यें निघालेल्या कादंबरीचें पहिलेंच वाक्य पाहिलें, तर त्यांत नायकाच्या राहण्याविषयींचें क्रियापद ‘बिबीआ’ असें अपूर्ण भूतकाळीं आहे. त्याची नित्याची राहणी सांगून झाल्यावर पुढें त्याचे पराक्रम सुरू होतात.

यावरून मराठी विद्यार्थ्यास एक कसोटी मिळते. वाक्य मराठींत बोलून पाहावें. ‘करीत असे’, ‘करीत होता’, ‘करी’ किंवा बोलण्यांतलें ‘करायचा’ यांपैकीं कांहीं सहज तोंडांत आलें, तर स्पॅनिशमध्यें बहुधा अपूर्ण भूतकाळ. ‘केलें’, ‘गेला’, ‘झालें’ असें आलें, तर साधा भूतकाळ. असणें या क्रियापदासाठीं तर ही कसोटी फार उपयोगी आहे. ‘ती श्रीमंत होती’ येथें ‘होती’ म्हणून ‘एरा’. ‘लग्न मे महिन्यांत झालें’ येथें ‘झालें’ म्हणून ‘फुए’. ‘होणें’ आणि ‘असणें’ यांतला हा भेद इंग्रजींतून शिकणारास समजावून सांगतां सांगतां शिक्षक थकून जातात. आपल्याकडील पांच वर्षांचें मूल तो चुकत नाहीं.

परंतु कसोटी म्हणजे आंधळेपणानें धरावयाची काठी नव्हे. मराठी आपणांस तीन ठिकाणीं फसविते.

पहिलें ठिकाण मुदतीचें. ‘तो दहा वर्षें माद्रिद येथें राहत होता’ असें आपण बिनदिक्कत म्हणतों. या ‘राहत होता’वरून कोणी ‘बिबीआ’ म्हणेल, तर तें चुकेल. दहा वर्षें असा आकडा सांगितला, म्हणजे त्या काळास कुंपण घातलें गेलें. क्रिया केवढीही लांब असो, ती आतां एक पुरा झालेला हिशेब आहे. म्हणून ‘बिबिओ दिएस् आन्योस् एन् माद्रिद’, असा साधा भूतकाळ. ‘मी तीन वेळां गेलों’ येथेंही तसेंच. क्रिया पुन्हा पुन्हा झाली खरी, पण तिची मोजदाद संपली. क्रिया किती वेळ चालली, हा प्रश्नच नाहीं. बोलणारा तिच्याकडे आंतून पाहतो कीं बाहेरून, हा खरा प्रश्न. प्रवाहांत उभा असलेल्यास नदीचे दोन्ही शेवट दिसत नाहींत. डोंगरावर चढलेल्यास ती उगमापासून मुखापर्यंत दिसते. नदी तीच असते.

दुसरें ठिकाण दुसऱ्याचें बोलणें सांगण्याचें. ‘आपण आजारी आहों असें तो म्हणाला’, असें आपण म्हणतों. म्हणणें काल झालें, तरी ‘आहों’ हें वर्तमानकाळींच राहतें. स्पॅनिशमध्यें सांगणें भूतकाळीं गेलें कीं सांगितलेली गोष्टही बहुधा मागें सरते : ‘दिखो के एस्ताबा एन्फेर्मो’. येथें ‘एस्ताबा’ हें अपूर्ण भूतकाळाचें रूप आहे, व मराठी कान त्याबद्दल कांहींच सुचवीत नाहीं. हा नियम निराळा पाठ करावा लागतो.

तिसरें ठिकाण सर्वांत नाजूक आहे, आणि तेथें चुकलें तर केवळ व्याकरणाचा गुण जात नाहीं, माणसाची गोष्टच फिरते. जाणणें, ओळखणें, इच्छिणें, शकणें या मनाच्या क्रिया आहेत. त्या काळाप्रमाणें अर्थ बदलतात. ‘लो साबीआ’ म्हणजे मला तें माहीत होतें. ‘लो सुपे’ म्हणजे मला तें समजलें. ‘ला कोनोसीआ’ म्हणजे मी तिला ओळखत होतों. ‘ला कोनोसी’ म्हणजे माझी तिची प्रथम ओळख झाली. ‘पोदीआ सालिर’ म्हणजे मला बाहेर पडतां येण्याजोगें होतें, पडलों कीं नाहीं तें सांगितलेलें नाहीं; ‘पुदे सालिर’ म्हणजे मी बाहेर पडूं शकलों. आणि नकारांत पाहा. ‘नो केरीआ आब्रिर् ला पुएर्ता’ म्हणजे दार उघडावें असें त्याच्या मनांत नव्हतें. पुढें उघडलेंही असेल. ‘नो किसो आब्रिर् ला पुएर्ता’ म्हणजे त्यानें दार उघडण्याचें साफ नाकारलें.

आतां अशी कल्पना करा कीं, न्यायालयांत एक साक्षीदार उभा आहे आणि दुभाषा त्याचें बोलणें दुसऱ्या भाषेंत सांगत आहे. साक्षीदार म्हणतो, ‘सालीआ दे ला कासा’. म्हणजे मीं पाहिलें तेव्हां तो मनुष्य घरांतून बाहेर पडत होता. दुभाष्यानें ‘सालिओ’ ऐकलें व ‘तो बाहेर पडला’ असें सांगितलें, तर उंबऱ्यावर दिसलेला मनुष्य रस्त्यावर जाऊन पोंचतो. किंवा रुग्णालयांत एक आजारी बाई वैद्यास सांगते, ‘तोमाबा ला मेदिसिना’. मी तें औषध घेत असें. याचा अर्थ ‘मीं औषध घेतलें’ असा केला, तर वैद्यास वाटेल कीं औषध एकदां पोटांत गेलें. तिचें म्हणणें मात्र असें कीं तो नित्याचा क्रम होता, आणि कदाचित् तो आतां बंद झाला आहे. वैद्यानें विचारावयाचा पुढचा प्रश्न या दोन अर्थांत निरनिराळा आहे. एका प्रत्ययाची किंमत अशा ठिकाणीं कळते.

या काळाचे आणखी दोन उपयोग गोड आहेत, ते सांगून पुढें जातों. कोणाकडे कांहीं मागावयाचें झाल्यास स्पॅनिश मनुष्य ‘मला हवें आहे’ असें तोंडावर म्हणत नाहीं. तो म्हणतो, ‘केरीआ पेदिर्ले उन् फाबोर’. आपणांस एक विनंती करावयाची होती. आपणही दुकानांत किंवा कचेरींत गेल्यावर ‘जरा विचारावयाचें होतें’ असेंच म्हणतों. विचारावयाचें आतांच असतें. पण भूतकाळ वापरल्यानें मागणें एक पाऊल मागें उभें राहतें आणि समोरच्यास नाहीं म्हणण्यास जागा मिळते. दुसरा उपयोग मुलांच्या खेळांतला. स्पॅनिश मुलें खेळ ठरवितांना म्हणतात, ‘यो एरा एल् रेइ’; मी राजा होतों. हा भूतकाळ कोणत्याही गतकाळाचा नव्हे. मुलांनीं तो खेळांतल्या जगापुरता उसना घेतलेला असतो.

आतां शेवटची एक गोष्ट, आणि ती आपल्या घरची आहे. वर मीं ‘राजा शिकारीस जाई’ असें म्हटलें. या ‘जाई’, ‘करी’, ‘बसे’, ‘उठे’ अशा रूपांस आपले व्याकरणकार रीतिभूतकाळ म्हणतात. त्यांचीही रचना पाहा. ‘तो उठे, तो बसे’, पण ‘तो करी, तो मारी’. कांहींस एकार, कांहींस ईकार. म्हणजे येथेंही दोन वर्ग, आणि येथेंही लिंगभेद नाहीं. स्पॅनिशच्या ‘आबा’ आणि ‘ईआ’ यांच्याशीं हें साम्य योगायोगाचें आहे. दोहोंचा इतिहास निराळा आहे. स्पॅनिश रूप जन्मापासून भूतकाळाचेंच होतें. आपलें रूप मुळांत वर्तमानकाळाचें. ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठींत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. ‘बळी तो कान पिळी’, ‘खाई त्याला खवखवे’ या म्हणींत तो जुना वर्तमानकाळ आजही जिवंत आहे. पिळी म्हणजे पिळीत असे नव्हे, पिळतो. पुढें ‘करतो’ हें नवें रूप पुढें आलें, आणि जुनें रूप मागें सरून संवयीच्या भूतकाळाचें काम करूं लागलें.

आज तें त्या कामावरूनही निघूं लागलें आहे. बोलण्यांत ‘तो रोज यायचा’, ‘आजी सांगायची’ असेंच आपण म्हणतों. ‘येई’ आणि ‘सांगे’ हीं रूपें पुस्तकांत, कवितेंत आणि कहाणींत उरलीं आहेत. याबद्दल गळा काढण्याचें कारण नाहीं; भाषा आपलें काम दुसऱ्या शब्दाकडून करून घेते आणि अर्थाचा भेद तिनें सोडलेला नाहीं. पण जें रूप वापरांतून जात आहे, तें ओळखतां येणें तरी आपल्या हातीं आहे. तें ओळखतां येईनासें झालें, म्हणजे ‘राजा शिकारीस जाई’ हें वाक्य वाचणारास राजा एकदां गेला कीं रोज जात होता, हें कळणार नाहीं. आणि मग आपल्याच आजीची कहाणी आपणांस परकी होईल.

म्हणून स्पॅनिश शिकणारांस माझें सांगणें असें. पाठ्यपुस्तकांतील नियमांची यादी उघडण्यापूर्वीं घरांतलें कहाण्यांचें जुनें पुस्तक उघडावें. एक कहाणी घ्यावी. जेथें क्रिया चालू आहे किंवा संवयीची आहे, तेथें खूण करावी. जेथें ती घडून संपली, तेथें दुसरी खूण करावी. मग तींच वाक्यें स्पॅनिशमध्यें मांडावीं : पहिल्या खुणेस ‘आबा’ किंवा ‘ईआ’, दुसरीस साधा भूतकाळ; मुदत, दुसऱ्याचें बोलणें आणि मनाच्या क्रिया या तीन ठिकाणीं थांबून विचार करावा. दहा कहाण्या अशा झाल्या, तर हा काळ पाठ करावा लागणार नाहीं. आणि स्पॅनिश न शिकणारांनींही पहिल्या दोन खुणा करून पाहण्यास हरकत नाहीं.